आधी व्हायरस, मग सातबारा

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात पहिलं गिऱ्हाईक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उगवतं: 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस!' बाहेर पीकविम्याची रांग, आत लाल पाटी. मग गावातला जाणकार येतो, चहा घेतो आणि निदान सांगतो, "फॉरमॅट मारावं लागतंय." सर्दीला मुंडकं उडवायचा हा इलाज. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, इलाज तोच राहिला.

बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. फुकटातला पिक्चर बघताना कुणीतरी 'अलाऊ'वर टिचकी मारलेली असते; ती साइट मग क्रोमच्या तोंडून रोज बोंब ठोकते. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून तिला हाकला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये कोण आगंतुक बसलाय ते बघा. विंडोजमधल्या डिफेंडरचं एक पूर्ण स्कॅन करा. यात फॉरमॅटचे पैसे सुटत नाहीत, म्हणून हे कुणी सांगत नाही.

पीसीवरचा पहिला व्हायरस 'ब्रेन', १९८६चा. लाहोरच्या दोघा भावांनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. केवढा हा सभ्यपणा! आताच्या पाटीवरही नंबर असतो, फक्त नाव मायक्रोसॉफ्टचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पाटीवरचा नंबर लावून पैसे गेलेच असतील, तर जाणकाराला नव्हे, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.