कारणाचा रकाना

शिक्षण संपलं की नोकरी लागते, असा आपल्याकडे समज आहे. नर्सिंगमध्ये नोकरी अंगवळणी पडली की शिक्षण पुन्हा सुरू होतं. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा करायचा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, काही वर्षं वॉर्ड सांभाळायचा आणि आपली पोरं शाळेत घालायच्या वयात आपणच दप्तर उचलून दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला बसायचं. तिथे पहिल्याच वर्षी समोर येणारा एक विषय म्हणजे नर्सिंग फाउंडेशन. जिने नवख्या इंटर्नला 'सर, शीर इथे आहे' असं अदबीने दाखवून दिलेलं असतं, तिला आता पायाभूत गोष्टी शिकवणार! बिऱ्हाडं राहायला आल्यावर इमारतीचा पाया खणावा, तसा हा प्रकार वरवर पाहता वाटतो. वरवर पाहणाऱ्यांचा तुटवडा नसल्यामुळे 'सिस्टरला कशाला हवी डिग्री?' हा प्रश्न सासरच्या ओसरीपासून हॉस्पिटलच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे विचारला जातो. माझं म्हणणं असं, की ही डिग्री सिस्टरपेक्षा खाटेवर पडलेल्याला जास्त हवी असते. तेव्हा तिचा खर्च आणि जाच एकट्या सिस्टरच्या माथी मारणं बरं नव्हे.

या अभ्यासात सगळ्यात जास्त थट्टा होते ती केअर प्लॅनची, म्हणजे रोग्याच्या देखभालीच्या लेखी तक्त्याची. वॉर्डात 'पेशंटला धाप लागलीय' म्हटलं की काम भागतं. इथे 'इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न' लिहावं लागतं. ताप आला की हायपरथर्मिया. झोप उडाली की 'डिस्टर्ब्ड स्लीप पॅटर्न', आणि हे लिहिणारी नाईट संपवून थेट वर्गात आलेली असल्यामुळे निदान नेमकं कुणाचं चाललंय, असा प्रश्न पडतो. पण हसून झालं की त्याच तक्त्यातला 'रॅशनल' हा रकाना पाहावा. तिथे प्रत्येक कृतीचं कारण लिहायचं असतं. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक असतं. रकाना विचारतो, का? 'मोठ्या सरांची ऑर्डर आहे' हे उत्तर वॉर्डात बिनबोभाट खपतं, इथे त्याला शून्य मार्क. एकाच जागी दाब राहिला की रक्तपुरवठा अडतो, माकडहाडापाशी लाली येते, बोटाने दाबलं तरी ती फिकी पडत नाही, आणि तिथूनच जखमेला सुरुवात होते, इतकं सगळं लिहावं लागतं. शिवाय पुस्तकातली ही लाली आपल्या सावळ्या कातडीवर दिसेलच असं नाही. मग हात लावून तिथली ऊब आणि कडकपणा तपासायचा. ज्या बाईने हे समजून लिहिलं, तिचा हात चादर बदलताना नेमका तिथे जातो, आणि या रोग्यासाठी दोन तास म्हणजे फार झाले, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

हे नुसतं गुणगान नव्हे. २००३ साली संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाख बत्तीस हजारांवर रोग्यांचा हिशेब मांडला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे तीस दिवसांत रोगी दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी निघाली. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात हा आकडा सात टक्के आला. गंमत म्हणजे, पेनसिल्व्हेनियाच्या हिशेबात नर्सेसच्या अनुभवाच्या वर्षांनी मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. 'बावीस वर्षं झाली मला या वॉर्डात' या वाक्यापुढे आपल्याकडे भले भले गप्प होतात. आकडे काही झाले नाहीत. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की यापुढे नव्याने नोंदणी होणाऱ्या नर्सेसनी दहा वर्षांत पदवी मिळवावी.

आता आक्षेप. पेनसिल्व्हेनिया म्हणजे परभणी नव्हे, हे कबूल. चांगल्या रुग्णालयांत पदवीधर जास्त जातात म्हणून आकडे चांगले येतात, ही शंकाही रास्त आहे. संशोधकांनी रुग्णालयाचा आकार, तिथली यंत्रसामग्री, सर्जनची पात्रता असे मुद्दे जमेस धरले होते, तरी तो प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. पण दोन खंडांत काटा एकाच बाजूला झुकत असेल, तर डिग्री फुकट आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता टीकाकारांवर येते. दुसरा आक्षेप लाडका: नाइटिंगेलबाईंकडे कुठे डिग्री होती? नव्हती. पण संख्याशास्त्र होतं, आणि इतकं पक्कं की १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून निवडून घेतलं. पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षी रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स हा पेपर पाहून ज्यांना घाम फुटतो, त्यांनी हा दाखला जवळ ठेवावा. तिसरा आक्षेप, डिग्री झाली की बाई वॉर्ड सोडून ट्यूटर होते नाहीतर परदेशी जाते. जाणारच! वॉर्डात डिग्रीला किंमत नसेल, तर जिथे आहे तिथे माणूस जातं. डॉक्टर गेला तर त्याचा आपण सत्कार करतो.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: ती वर्गात बसली तर वॉर्डात कोण? याच एकेनबाईंच्या २००२ सालच्या अभ्यासात एका नर्सकडे एक रोगी वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे बदली न देता एकीला शिकायला धाडलं, तर डिग्रीने कमावलेलं मागे उरलेल्यांच्या दमछाकीत जाणार. आणि ड्युटी तशीच ठेवून शिकायला लावलं, तर तो कारणाचा रकाना शेजारणीच्या जर्नलवरून उतरवला जाणार; मग कागद मिळेल, पण रोग्याच्या पाठीला त्याचा काही उपयोग नाही. यावर इलाज नवा नाही, फक्त पैशांचा आहे: पगारी रजा, बदली सिस्टर आणि परत आल्यावर वॉर्डातच वाढीव पगार. शिक्षणाची फी ज्याचा फायदा त्याने भरावी, असा साधा न्याय आहे. इथे फायदा रोग्याचा. तो बिचारा खाटेवर पडलेला असल्याने, आणि बिल तो आधीच भरत असल्याने, ही फी रुग्णालयानेच भरली पाहिजे.