नवतपा आणि नॉर्वेतला ट्रक

रोज रात्री जेवणं आटोपली की मी मासळी भरून बर्गनहून ऑस्लोला निघतो. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा गेम प्रागच्या एका कंपनीने २०१२ साली काढला. त्यात कुणाला गोळ्या घालायच्या नसतात, राक्षस मारायचे नसतात. माल वेळेवर पोचवायचा, डिझेल भरायचं, झोप आली की गाडी बाजूला घ्यायची आणि सिग्नल पाळायचे. सिग्नल तोडला की तिथल्या तिथे दंड कापला जातो. ज्याची उभी हयात नागपुरात स्कूटर चालवण्यात गेली, त्याला समोरची गाडी लाल दिव्याला खरोखर थांबताना पाहणं ही पन्नाशीनंतरची मोठी करमणूक आहे.

अडचण एकच. माझा ट्रक धावतो नॉर्वेत, पण लॅपटॉप असतो नागपुरात. आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, नवतपा लागतो. (पुण्याच्या वाचकांसाठी: या नऊ दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त तापमानाबद्दल बोलतो, आणि आकडा पंचेचाळीसच्या वर गेला की आवाजात जरा अभिमानही असतो.) मागच्या ट्रेलरमध्ये मासळी गोठलेली, खिडकीबाहेर फ्योर्डचं निळं पाणी, आणि चालकाची बनियन पिळून काढण्याजोगी. पहिली पंधरा मिनिटं प्रवास सुखाचा. मग लॅपटॉपचे पंखे किंचाळू लागतात, रस्ता तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकतो, आणि आत्ता दाबलेला ब्रेक लागेपर्यंत मी कुणा नॉर्वेजियन सज्जनाच्या मोटारीत घुसलेला असतो.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न लाखमोलाचा विचारला. "मामा, सुरू केल्यापासूनच अडखळतं, की पंधरा-वीस मिनिटांनी?" सुरुवातीपासून अडखळत असेल तर यंत्राची तेवढी ताकदच नाही. आधी छान चालून मग रडत असेल तर ते तापलंय. त्याने तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. तेव्हापासून माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा बसलेला असतो. ट्रक घाट चढत होता आणि आकडा सत्त्याण्णव दाखवत होता. बाजूला प्रोसेसरचा वेग. निघताना चार गिगाहर्ट्झ होता, घाटात तो दीडच्याही खाली आला. सेकंदाला साठ फ्रेम मिळायच्या, तिथे अठरा मिळू लागल्या.

"याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, मामा. तो मुद्दाम हळू चालतोय."

मुद्दाम! मला आधी रागच आला. पण या मुद्दामपणाला इतिहास आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकवाल्यांच्या साइटने एक व्हिडिओ काढला होता. 'क्वेक ३' हा गेम चालू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, सरळ उचलून काढला. त्या काळच्या एका अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून धूर निघाला, संपलं. पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला, रखडत का होईना गेम चालवत राहिला, आणि ठोकळा परत बसवल्यावर पुन्हा पळू लागला. पुढे सगळ्यांनीच ही शहाणीव उचलली. आजचे बरेचसे लॅपटॉपचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवतात. जीव वाचवतात आणि फ्रेमा सोडून देतात.

हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे झेपत नसलं की तो थांबतो. अहो, शिका काहीतरी."

आमच्या इमारतीत गोष्ट गुप्त राहत नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते आले. त्यांचा सल्ला, लॅपटॉप अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. धरणं बांधलेला माणूस, म्हणून मी चहा देऊन ऐकून घेतलं. पण थंडगार झालेली वस्तू बाहेरच्या हवेत आणली की तिच्यावर दव धरतं, आणि ते दव लॅपटॉपच्या आत, मदरबोर्डवर धरतं. शिवाय तो चालू झाला की दहा मिनिटांत पुन्हा होता तिथेच. समोरच्या वहिनींनी बर्फाची पिशवी सुचवली, तिचाही शेवट पाण्यातच. एकाने नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं; हा मनुष्य पाहुणा आला तरी फ्रीज बदला म्हणतो. कामाचा सल्ला दिला तो आमच्या कामवाल्या मावशींनी. झाडताना त्या म्हणाल्या, "गादीवर कायले ठेवता बाप्पा, त्याले खालून हवा नाही लागत का?" अनेक लॅपटॉप हवा पोटाकडून आत घेतात. गादीवर ठेवला की ती जाळीच बुजते. मागच्या बाजूला जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे देऊन उंच केला तर आकडा चार-पाच अंशांनी उतरला. दिवाळी अंकांचा एवढा थेट उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

पण चार-पाच अंशांनी नवतप्यात काय होतंय? पंख्याचा लॅपटॉप खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो आपली उष्णता त्या हवेलाच देतो, आणि हवाच चाळीस अंशांची असली तर देणार कुणाला? वर आणखी एक हिशेब आहे, तो कुणी सांगत नाही. गेम खेळताना लॅपटॉप दीडशे वॉट वीज खात असेल, तर त्या दीडशे वॉटची शेवटी उष्णताच होते, आणि ती राहते खोलीतच. म्हणजे भर मे महिन्यात रोज रात्री मी बायकोच्या उशाशी दीडशे वॉटचा हीटर लावत होतो. स्वीडनमध्ये लुलेओ नावाचं गाव आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा खाली. फेसबुकने २०१३ साली तिथे डेटा सेंटर सुरू केलं आणि ते थंड ठेवायला सरळ बाहेरची हवा आत घेतली. आम्हीही खिडकी उघडतो. आत येते ती लू.

शेवटी लॅपटॉप घेऊन सीताबर्डीला गेलो. दुरुस्तीवाला पोरगा पंचविशीतला. त्याने खालचं झाकण उघडलं, पंख्याकडे बोट दाखवलं आणि आदराने म्हणाला, "काकाजी, हे पहा." पंखा आणि त्याच्यामागच्या तांब्याच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धुळीची चक्क घोंगडी तयार झाली होती, चिमटीत धरून अख्खी निघाली. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि त्याची हवा त्या घोंगडीवर आपटून परत येत होती. ब्लोअर मारण्याआधी पोराने पंख्याच्या पात्यांत काडी अडकवली. नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो, बेअरिंग बिघडतं, आणि फिरता पंखा उलट स्वतःच वीज तयार करून बोर्डात सोडू शकतो.

मग पेस्ट. प्रोसेसर आणि त्याच्यावरचं तांबं दोन्ही आरशासारखे दिसतात, पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर खाचाखळगे. त्यांत हवा अडकते, आणि तांबं उष्णता वाहून नेतं ती हवेच्या सुमारे पंधरा हजार पट. म्हणून त्या फटींत थर्मल पेस्ट भरतात. माझी पेस्ट सुकून खडूच्या भुकटीसारखी झाली होती. पोराने ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी लावली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. सोबत आलेल्या बायकोला ही कंजुषी वाटली. "भाऊ, थोडी जास्त लावा ना." तो हात जोडून म्हणाला, "काकू, जास्त लावली तं तिचाच थर होते. मंग तेच आडवं येते." वरण-भातावर तूप वाढणाऱ्या घरात हा सिद्धांत पटायला वेळ लागतो.

मला मात्र त्या उघड्या लॅपटॉपमधल्या तांब्याच्या चपट्या नळ्यांनी वेड लावलं. त्यांना हीटपाइप म्हणतात. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी घडवली, पुढे ती उपग्रहांतही गेली. नळी आतून पोकळ, हवा काढून घेतलेली, आणि आत पाण्याचे थोडेसे थेंब. दाब इतका कमी की पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही, त्याच्या कितीतरी आधीच वाफ होतं. प्रोसेसरच्या टोकाला पाणी उष्णता घेऊन वाफ होतं, पंख्याच्या टोकाला ती उष्णता सोडून पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येतं. नागपूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमचा कुलर दुसरं काय करतो? ओल्या ताटीतून हवा ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि कोरड्या मे महिन्यात आम्ही रात्री पांघरूण शोधतो. फरक एवढाच, की लॅपटॉपचा कुलर सीलबंद आहे, त्याचं पाणी संपत नाही आणि त्याच्यावरून घरात भांडणं होत नाहीत.

साफसफाईने आकडा सत्त्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला. बाकीचं भाच्याने फोनवरून करून घेतलं. माझा पडदा सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकतो, म्हणून बिचारा लॅपटॉप जमेल तितकी काढत बसायचा. आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याने मर्यादा साठवर बांधली. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांवरून नव्व्याण्णव करायला सांगितली. एका टक्क्याने काय होणार, असं वाटतं ना? बहुतेक लॅपटॉपवर तेवढ्यानेच टर्बो बूस्ट बंद होतो, म्हणजे प्रोसेसरची अंगात आल्यासारखं उधळायची सवय. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले तर खर्च जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. शेवटची थोडीशी घाई फार महाग पडते. आता माझा ट्रक पंच्याहत्तर-ऐंशी अंशांवर, न अडखळता, ऑस्लोला पोचतो. घाटात कमाल वेग जरा कमी मिळतो, पण जो मिळतो तो शेवटपर्यंत टिकतो.

बायकोने कॅलेंडरवर नोंदच करून ठेवली: होळीनंतर कुलरच्या ताट्या बदलायच्या, त्याच दिवशी लॅपटॉप साफ करायचा. यंदा ताटीवाला आला तेव्हा मी गॅलरीत लॅपटॉप उघडून, ब्रश घेऊन बसलो होतो. त्याने वाळ्याचा भारा खाली ठेवला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"हे काय होय, काकाजी?"

म्हटलं, "यातही कुलरच आहे. या नळ्यांत पाणी असतं."

"मंग याची ताटी कुठं राह्यते?"

"याला ताटी लागत नाही. पाणीही भरावं लागत नाही. कारखान्यात एकदाच भरून देतात."

त्याने आमच्या खिडकीतल्या कुलरकडे पाहिलं, मग त्या नळ्यांकडे, आणि भारा पुन्हा खांद्यावर घेत म्हणाला, "कोणाले सांगू नका बाप्पा."