मृत्यू म्हणजे बदल

टॅरोचे पत्ते वाचणाऱ्यांचीही आता आचारसंहिता असते, आणि ती वाचून ऊर भरून येतो. मृत्यूबद्दल बोलणार नाही. आजारपणात डॉक्टर गाठा. कोर्टकचेरीचं वकिलाला विचारा. नवरा बाहेर काय करतो, हे त्याच्या परवानगीशिवाय पाहणार नाही. भविष्य तर सांगतच नाही, ‘मार्गदर्शन’ करतो! म्हणजे माणूस ज्या कारणांसाठी ज्योतिषाचा जिना चढतो ती सगळी वगळून जे उरेल, त्याची फी आगाऊ. मृत्यूचं पान आलंच, तर तो ‘बदल’ समजायचा. (विमा कंपन्यांना ही व्याख्या कुणीतरी कळवा.)

टॅरोला हे उच्च ध्येय मागाहून चिकटलं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतली मंडळी या पत्त्यांनी चक्क डाव खेळायची. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने जाहीर केलं, की यात प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलंय. इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियाँने उलगडली ती १८२२ मध्ये; तोवर पंडितांना अडवणार कोण?

१९०९ मध्ये लंडनहून आर्थर वेटचा टॅरो-संच निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथची, मोबदला किरकोळ. १९५१ मध्ये ती कर्ज मागे ठेवून वारली. आज तिच्याच चित्रांवर कोथरूडपासून कॅलिफोर्नियापर्यंत आत्म्यांची उन्नती चालते. संहितेत डॉक्टर, वकील, नवरा सगळ्यांची सोय आहे. चित्रकाराच्या मानधनाचं कलम काही सापडलं नाही.