खोलून तर बघू!

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली लागते. इथे वस्तू बंद पडली की तिला तीन वाटा असतात: भंगारवाला, माळा, नाहीतर अप्पा. पैकी पहिल्या दोन वाटा अप्पा गेली कित्येक वर्षं अडवून बसलेत. भंगारवाल्याचा टेम्पो गावात शिरला की पहिलं गिऱ्हाईक तेच. फरक इतकाच, की ते भंगार विकत नाहीत, विकत घेतात. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भंगारात दिलेला मिक्सर त्यांनी भंगारवाल्याकडून परत विकत आणला होता, तोही घासाघीस करून.

अप्पा हे एकट्या शिनोलीचं वैभव नव्हे. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावात जा, एक अप्पा असतोच. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे बापू. ओळखायला सोपा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघत असतात तेव्हा हा मांडवामागे जनरेटरपाशी उभा राहून मान हलवत असतो. याच्या घरातले तीन पंखे बंद असतात, कारण गावातले तीसेक पंखे चालू असतात. आणि चालू वस्तूत याला काडीचा रस नसतो. नवा टीव्ही दाखवायला बोलावलं तर हा आधी मागची बाजू बघतो.

मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला 1982 च्या जानेवारीत. त्या वेळी अप्पा तिथल्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात हेल्पर होते, मिसरूड नुकतंच फुटलेलं. संप मिटेपर्यंत गावाला जाऊन येऊ म्हणून आले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे अप्पांच्या हिशेबानं ते अजून संपावर आहेत. तोवर वेळ जावा म्हणून त्यांनी नदीवरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायला घेतल्या. मग स्टार्टर, मग कडबाकुट्टी, मग पिठाची गिरणी. सगळ्या यंत्रांचा मूळपुरुष पाण्याची मोटर, हा सिद्धांत तिथून आला. कॉफीचं मशीन त्यांच्या हाती पडलं ते या सिद्धांतासकट.

ते आलं कसं, हे सांगायला हवं. पुण्यात राहणाऱ्या आपल्या माणसाला जुनी वस्तू टाकवत नाही आणि ठेववतही नाही. यावर त्यानं काढलेला तोडगा म्हणजे गाव. डबल डोअर फ्रिज आला की सिंगल डोअर गावाला. गादीला खड्डा पडला की गादी गावाला. परतताना डिकीत इंद्रायणी तांदळाचं पोतं आणि वालाच्या शेंगा. अप्पांच्या पुतण्यानं या रिवाजाप्रमाणे दिवाळीला येताना एस्प्रेसोचं मशीन आणलं. घरी कॅप्सूलवालं नवीन आलं होतं. जुन्याची दुखणी तीन: हँडलच्या कडेनं कॉफी ओघळते, पाणी थेंबथेंब येतं, आणि कधीकधी नुसतंच घुरघुरतं. दुरुस्तीला आलेला माणूस ‘सर, याचे पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका’ म्हणून झाकणही न उघडता गेला होता.

“अप्पा, ते मेलंय. ओट्यावर शोभेला ठेवा,” पुतण्या म्हणाला.

“आरं, मरंल कसं? माणूस हाय का ते? खोलून तर बघू!”

हे तीन शब्द उच्चारले गेले की घरात पुढची हालचाल ठरलेली असते. काकी ओट्यावरची भांडी आत नेतात. नातवंडं स्क्रू हरवू नयेत म्हणून ताट घेऊन येतात. शेजारचे दोघेतिघे, ज्यांना मशीनमधलं ओ का ठो कळत नाही, ते उजेड अडवायला जमतात.

पहिला अडथळा स्क्रूचा. चांदणीच्या आकाराचं डोकं आणि मधोमध टाचणीएवढा खुंट, म्हणजे साधा पेचकस आत जाऊच नये. ग्राहकानं आपलीच वस्तू उघडू नये म्हणून केलेली ही सोय. अप्पांनी तो स्क्रू चष्मा कपाळावर सरकवून बघितला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर सरळसरळ आनंद दिसला. एखाद्यानं आव्हान दिलं की पैलवानाला बरं वाटतं, तसं. जुना पेचकस कानशीनं घासून, टोकाला खाच पाडून हत्यार तयार करण्यात सकाळ गेली. बाजारात तो पाना मिळतो, हे पुतण्यानं सांगितलं. अप्पांनी ऐकलं नाही. ऐकू आलं होतं.

नातीनं फोनवर वाचून माहिती पुरवली, की केंद्र सरकारनं 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं आणि त्यात घरगुती उपकरणांबरोबर शेतीची अवजारंही आहेत. अप्पा मान वर न करता म्हणाले, “हक्क? इतकी वर्षं आमी कुणाला इचारून खोलत व्हतो?”

झाकण निघालं. आत वाटीएवढा बॉयलर, रबरी नळ्या आणि तारा. “हा तर बंब!” असं म्हणून अप्पांनी निम्मं मशीन खिशात घातलं. निदान करण्याआधी त्यांनी पुतण्याला एकच प्रश्न विचारला, “पाणी बोअरचं घालत व्हता का नळाचं?” उन्हाळाभर सोसायटीत टँकर येतात, हे ऐकल्यावर पुढचं सांगायची गरज उरली नाही. जड पाणी तापलं की क्षार खाली बसतात. बंबात बसतात तसे इथेही बसले होते, पांढरे, चुन्यासारखे. फक्त बंबाचं तोंड मोठं आणि याची भोकं सुईएवढी. त्यावर कंपनीची बाटलीतली औषधं मिळतात, महाग. अप्पांनी वाण्याकडून लिंबूसत्त्व आणवलं. लिटरभर पाण्यात दोन चमचे, ते पाणी मशीनमधून खेळवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं. वाण्यानं विचारलं, “ढोकळा का?” नात म्हणाली, “कॉफी.” वाणी अजून त्या घराकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

थेंबथेंब गेलं, धार आली. राहिली घुरघुर.

इथे अप्पांच्या सिद्धांताला पहिला धक्का बसला. मशीनमधल्या पंपात मोटर नव्हती. म्हणजे फिरणारं काही नव्हतंच: तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि आत एक लोखंडी दट्ट्या, तो सेकंदाला पन्नासदा मागेपुढे होऊन पाणी ढकलतो. अप्पा बराच वेळ तो पंप हातात घेऊन बसले. ज्यात काहीच फिरत नाही असल्या पंपाबद्दल आदर बाळगावा की कीव करावी, हे त्यांचं ठरत नव्हतं. मग त्यांनी तो कानाशी धरून चालू करायला सांगितला आणि एकदम मांडीवर थाप मारली. “हवा धरलीय!” नदीवरची मोटर पाणी उचलेना की आपण पाइपात वरून पाणी ओततो, ते इथेही लागू होतं. फक्त ओतायचं कुठून? गोठ्यातून जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज आली. उकळून घेतली, हे काकींच्या आग्रहामुळे. पंपाच्या तोंडाशी सिरिंजनं पाणी दाबलं, बटण दाबलं, घुरघुर दोन श्वास चालली आणि आवाज भरीव झाला. सिद्धांत वाचला.

पुतण्या तोवर नवीन मशीनची तारीफ करत होता, की त्याला पंधरा बारचं प्रेशर आहे. अप्पांनी बार म्हणजे काय ते विचारून घेतलं. एक बार म्हणजे ढोबळमानानं दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. डिंभ्याची भिंत 67 मीटरच्या आसपास. एस्प्रेसोला लागतात नऊ बार, म्हणजे नव्वद मीटर. म्हणजे भरल्या धरणाच्या तळाशी जेवढा दाब नाही, तेवढा या खोक्यात कपभर कॉफीसाठी. आणि पंधरा बार म्हणजे दोन डिंभी एकावर एक ठेवली तरी कमी पडतील. “मग तुमचा तो सेल्समन धरण इकतो का कॉफी?” खरं तर पंधरा हा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला नऊच पुरतात. दुकानात हे कुणी सांगत नाही, शिनोलीत ते पाच मिनिटांत निघालं.

हा दाब पहिल्यापासून नव्हता. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये एस्प्रेसो यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा सगळा भार वाफेवर होता, दाब जेमतेम दीड-दोन बार. नऊच्या घरातला दाब आणि वरची तांबूस साय आली अकिले गाज्जियाच्या दट्ट्यामुळे, 1947-48 च्या सुमाराला. आपल्या लग्नांत ‘एक्सप्रेसो’ म्हणून जे फुसफुसणारं मशीन असायचं, दूध फेसवून वर कोकोची पूड भुरभुरणारं, ते कामापुरतं वाफेच्याच जमान्यातलं. अप्पांनी तसली दोन दुरुस्त केली आहेत, दोन्ही ऐन पंगतीत.

याच ओघात नातीनं रेनातो बियालेत्तीचीही गोष्ट सांगितली. त्याच्या बापानं 1933 मध्ये चुलीवरची मोका किटली बाजारात आणली, पोरानं ती जगभर पोचवली, आणि तो 2016 मध्ये वारला तेव्हा त्याची रक्षा मोका किटलीच्याच आकाराच्या कलशात ठेवली गेली. काकी आतून म्हणाल्या, “ऐकलं का? तुमाला ष्टार्टरच्या पेटीत ठिवू.” अप्पांना ही कल्पना मुळीच वाईट वाटली नाही. कितीच्या पेटीत, एवढंच त्यांनी विचारलं.

शेवटचं दुखणं कडेनं ओघळण्याचं. हँडल जिथे अडकतं तिथे रबराची एक कडी असते, कुकरच्या गॅस्केटची धाकटी बहीण. रोजच्या उष्णतेनं ती दगड होते. अप्पांनी तिला नखानं टोचून बघितलं आणि ट्रॅक्टरची ट्यूब काढली. कडी बेमालूम कापली गेली, ओघळणं थांबलं. कॉफीला मात्र नांगरटीचा वास येऊ लागला. घरात पाहुणे होते, सगळे ‘वेगळीच चव आहे’ म्हणाले. त्या दिवशी काकींनी जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. सारांश असा, की खायच्या-प्यायच्या वस्तूत ट्यूब गेली तर अप्पांचं जेवण गोठ्यात वाढलं जाईल. नातीनं सिलिकॉनची कडी मागवली. पहिली आली ती मोठी निघाली, कारण मशीनच्या मापाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट अप्पांच्या बाजूनं लिहून ठेवतो. गावात दुसरीही एक जात आहे, ‘डायरेक्ट करून टाकू’वाली. फ्यूज उडाला, डायरेक्ट कर. थर्मोस्टॅट गेला, डायरेक्ट कर. वस्तू लगेच चालू होते, यांचा जयजयकार होतो आणि काही दिवसांनी घरातून धूर निघतो. या मशीनच्या बॉयलरला थर्मल फ्यूज होता, शेंगदाण्याएवढा. तो जुना दिसत होता म्हणून अप्पांनी त्याच्यावर छापलेले अंश भिंगानं वाचले, कागदावर लिहिले, आणि त्याच अंशांचा मिळेपर्यंत एसटीनं आधी घोडेगाव, मग मंचर गाठलं. दुकानदार म्हणाला, “इस्त्रीचा लावा, काय फरक पडतो?” अप्पा तिथून काही न बोलता बाहेर पडले. बोलभांड माणूस गप्प बसतो तेव्हा समोरच्यानं ओळखावं.

मशीन चालू झालं. अगदी व्यवस्थित. त्याबरोबर अप्पांचा त्यातला जीव गेला. ते परत कडबाकुट्टीकडे वळले आणि यंत्र काकींच्या ताब्यात आलं. पुतण्यानं आणलेली दळलेली कॉफी संपल्यावर त्यांनी डबीतली झटपट कॉफी गाळणीत भरली. ती तिथल्या तिथे विरघळून अशी उसळली, की ओट्याच्या फरश्यांवर नक्षी आली. मग चहाची पूड घालून झाली. नऊ बारचा चहा कडू होतो, ही शिनोलीची कॉफीशास्त्राला देणगी. शेवटी जायफळ. कॉफीत जायफळ नसेल तर ती कॉफी कसली, ती आजाऱ्याचा काढा, असं त्यांचं मत असल्यानं काकी ते कॉफीच्या भुकटीवर किसून घालतात. मी प्यायलोय, वाईट लागत नाही. दूध फेसवायच्या नळीवर कोजागिरीचं मसाला दूध करायचं यंदा ठरलंय.

पुतण्याच्या कॅप्सूलवाल्या मशीनमधून हल्ली पाणी गळायला लागलंय. “परदेशी माल अडवणाऱ्या बाबू गेनूच्या तालुक्यातला ना तू?” अप्पा त्याला म्हणाले. “एक परदेशी नीट करून दिलं, तर लगेच दुसरं आणून ठिवलं.” आणि मग, आवाज जरा खाली घेऊन, “वारंटी कधी संपतीय?”

पुण्या-मुंबईच्या मंडळींना यावरून एवढंच सांगणं आहे: मशीन गावाला धाडणार असाल तर आधी हँडलची गाळणी पट्टीनं मोजा. घरगुती मशीनमध्ये बहुतेक करून 51, 54 किंवा 58 मिलिमीटरची मापं असतात. त्या मापाच्या दोन कड्या मशीनबरोबरच द्या, कारण शिनोलीत यातली एकही मिळत नाही, आणि ट्रॅक्टरची ट्यूब अजून भरपूर शिल्लक आहे.