बाकी काही नाही, एकच विचारायचं होतं

नगर जिल्ह्यात सभा म्हटली की 'मंजूर' हा शब्द आधी ऐकू येतो आणि विषय मागून. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या, सोसायटीची घ्या नाहीतर पतसंस्थेची. सचिवांनी "ताळेबंदास..." एवढं म्हणायचा अवकाश, मंडपातून आरोळी उठते, "मंजूर, मंजूर!" ताळेबंदाला मान्यता द्यायचीय की तो चुलीत घालायचाय, हे कळेपर्यंत थांबतो कोण? मसालेभाताचा वास सुटलेला असतो.

ग्रामसभेचं तर विचारूच नका. कोरमला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. कायदा लिहिणाऱ्याने एखादी तरी ग्रामसभा डोळ्यांनी पाहिलेली असणार.

आमच्या गावात मात्र नाना आहेत. भावकीतले, म्हणून सरपंचाला अरेतुरे करतात. सभा संपत आली, चहाचे कप फिरायला लागले की नाना धोतर सावरत उठतात. "बाकी काही नाही, एकच इचारायचं होतं." हे ऐकलं की ग्रामसेवक पेनाला टोपण लावतात.

"मागल्या साली दिवे किती बसवले?"

"चाळीस."

"जळत्यात किती?"

सरपंचाने ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकाने शिपायाकडे, आणि शिपायाने छताकडे. छतातला दिवाही बंदच होता.

"माहिती घेऊन सांगतो, नाना."

आता हे उत्तर आपल्याकडे प्रश्न पुरायलाच वापरतात. पण नानांनी पुढच्या सभेलाही तेच विचारलं. मग एका रात्री सरपंच बॅटरी आणि पोरीची शाळेची वही घेऊन निघाला. पुढे सरपंच, मागे गावातली सगळी कुत्री. खांब मोजता मोजता त्याला तारेवर टाकलेले आकडेही दिसले. त्यातला एक त्याच्याच पॅनलच्या सदस्याचा. नारळ फोडण्यापलीकडे गाव ठाऊक नसलेल्या या माणसाला आता कुठल्या खांबावर काय जळतं आणि कोण का जळतं, हे तोंडपाठ आहे.

याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. त्याआधी तिथे बदली म्हणजे सरकारी नोकराला शिक्षा वाटे. पुढे पाणी अडलं, झाडं लागली, 2020 मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. हे पाठ्यपुस्तकासारखं सगळ्यांना पाठ आहे. मला त्या बंधाऱ्यांपेक्षा त्यांच्या ग्रामसभेचं अप्रूप जास्त. पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, मग शिवारात काय पेरायचं, याचा हिशोब तिथे गावासमोर मांडतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. नगर जिल्ह्यात उसाला नाही म्हणायचं! आमच्याकडे "यंदा पाणी किती?" विचारलं तर उत्तर येतं, "देवाला ठाऊक." तिथे ते पर्जन्यमापकाला ठाऊक असतं. लोक श्रेय सरपंचाला देतात, ते योग्यच. पण समोर बसलेलं गाव मिलिमीटरमध्ये बोलायला लागलं की सरपंचाला हवेत बोलायची सोय राहत नाही.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी तर प्रश्नाला कायद्याचं बळ मिळावं म्हणून उपोषणं केली. आधी राज्यात आणि 2005 मध्ये देशभर माहितीचा अधिकार आला. नातवाने नानांना सगळं समजावलं : दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. नाना म्हणाले, "ग्रामसभेत फुकाट इचारता येतंय, मग धा रुपये कशाला?"

अलीकडे सरपंच सभेला येतो तो वही घेऊनच. नाना उठायच्या आधीच पाणीपट्टी किती थकली, मोटर कितीदा जळली, वाचून मोकळा होतो. शेजारच्या गावाची माणसं त्याच्याकडे सल्ल्याला येतात. साहजिकच त्याला आता झेडपीचे वेध लागलेत. परवा तो आशीर्वाद घ्यायला नानांकडे आला आणि पाया पडला.

नानांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. मग म्हणाले, "बाकी काही नाही, एकच इचारायचं होतं. झेडपीची सभा नगरलाच भरती ना? सकाळची यष्टी किती वाजता हाये?"