पोच्याची किंमत

शहरी दिवाणखान्यात सध्या 'रेट्रो' अवतरलंय: वेताची खुर्ची, लोखंडी कपाट, इनॅमलचा मग. मेहकर तालुक्यातल्या जानेफळात यालाच अडगळ म्हणतील. फरक वस्तूत नाही, बिलात आहे. चंदीगडचंच बघा. वास्तुकार पिअर जनेरेच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी घडलेल्या सागवानी खुर्च्या बाबूंनी भंगारात काढल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखोंचा भाव आला. कुणी म्हणेल, निदान कारागिरीची कदर तरी झाली! झाली की, फक्त पैसे विकणाऱ्याला मिळाले, सुताराला तेव्हाची मजुरी तेवढी. नव्या 'रेट्रो' खुर्चीचे ओरखडे तर कारखान्यातच पाडतात, वर त्यांचे पैसे वेगळे. रुखवतातल्या कपाटाला टेम्पोतून उतरवताना पडलेला पोचा मात्र अस्सल, आणि तोही फुकट.