बोर्डांचे बारसे

मातीचा ओलावा मोजणारे चार ईएसपी32 बोर्ड एकाच यूएसबी हबला जोडले की लिनक्स त्यांना आगमनाच्या क्रमाने ओळखते. आधी आला तो टीटीवाय-यूएसबी-शून्य, मागचा एक. परभणीच्या बसस्थानकावर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा कारभार. केबल जरा सैल झाली, बोर्ड क्षणभर उतरून परत चढला, की त्याची जागा गेलेली असू शकते. मग तुळशीच्या कुंडीतला ओलावा विचारावा, तर कोरड्या मातीत खुपसलेला बोर्ड उत्तर देतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. यात त्याचा काय दोष? स्वस्त बोर्डांवरची सीएच340 चिप सहसा स्वतःचा अनुक्रमांक सांगत नाही. आतल्या ईएसपी32ला कारखान्यातच मॅक पत्ता मिळालेला असतो, पण तो आत जाऊन विचारावा लागतो.

डेमियन जॉर्ज यांच्या मायक्रोपायथन या भाषेसाठी डेव्ह हायलँड्स यांनी लिहिलेले आरशेल हे साधन इथे कामी येते. 'बोर्ड्स' एवढे टंकले की हजेरी लागते. बोर्डातल्या एका छोट्या फाईलमध्ये नाव लिहिले, की तो त्याच नावाच्या फोल्डरसारखा समोर येतो. फाईल पाठवा, काढून घ्या, गप्पा मारा, कंट्रोल-एक्स दाबून निरोप घ्या.

नावाच्या बाबतीत आमचे शहर मागे नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे ऐकून घेतो आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे स्वतःच ऐकवतो. 1972मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने तर शहराचे नाव वाणांतून शेतोशेती पेरले: भेंडीची परभणी क्रांती, रब्बी ज्वारीची परभणी मोती, लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी परभणी शक्ती. माझ्या तीन बोर्डांना तीच नावे दिली. चौथा बॅटरीवर अंगणात राहणार होता. गाढ झोपेत ही चिप काही मायक्रोअँपिअरवर भागवते, ठरल्या वेळी उठते, माती चाचपते, आकडा कळवते आणि पुन्हा निजते. रात्रभर असे उठून काम करणारीला जनी म्हणायचे नाही तर काय? संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले.

आता घरातही चौकशी होते: "जनी रात्रीपासून गप्प का गं?" टीटीवाय-यूएसबी-तीनची एवढी काळजी कोणी केली नसती.

तेव्हा टेबलावर एकाहून जास्त बोर्ड असतील, तर पहिला प्रोग्राम चढवण्याआधी बारसे उरकून घ्या. एका ओळीचे काम आहे.